पंपाची थरथर मोजा, बिघाड आधीच ओळखा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विहिरीवरचा पंप अचानक बंद पडला म्हणजे काय होते, हे मी आपणास सांगण्याची गरज नाही. पंप बहुधा ऐन चैत्र-वैशाखात बंद पडतो. मोटार जळालेली असते किंवा बेअरिंग गेलेले असते. रिवाइंडिंगच्या दुकानात आधीच दहा मोटारी रांगेत असतात. चार-सहा दिवस पाणी मिळाले नाही की भाजीपाला करपतो, उसाची वाढ खुंटते आणि फळबागेत फळगळ होते. दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पिकाचे नुकसान कितीतरी जास्त असते.

मात्र बरेचसे यांत्रिक बिघाड एका रात्रीत होत नाहीत. पायाचा बोल्ट सैल होतो, कपलिंगचे रबर झिजते, इम्पेलरमध्ये कचरा अडकतो, आणि पंप पूर्वीपेक्षा जास्त थरथरू लागतो. ही थरथर आठवडे, कधी कधी महिने चालू असते. अनुभवी मिस्त्री पेचकसाचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून बिघाड ओळखतो. पण मागच्या महिन्यात थरथर किती होती आणि आज किती आहे, हे हाताला किंवा कानाला आठवत नाही. त्यासाठी आकडा हवा. हा आकडा कसा मिळवावा, याची माहिती आज मी आपणास देणार आहे. त्यासाठी लागणारे उपकरण आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे.

त्वरण म्हणजे काय?

आपण एस.टी.ने प्रवास करतो. गाडी सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालली असेल, तर डोळे मिटल्यावर वेग जाणवत नाही. चालकाने ब्रेक दाबला की आपण पुढे जातो, गाडी सुटली की मागे रेलतो. म्हणजे अंगाला वेग कळत नाही, वेगातील बदल कळतो. वेग दर सेकंदाला किती बदलतो, त्यास त्वरण म्हणतात. ते मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. वरून सोडलेल्या वस्तूचे त्वरण सुमारे ९.८ असते, त्यास गुरुत्वत्वरण म्हणतात.

थरथरणारी वस्तू पुढे-मागे किंवा वर-खाली होत असते. तिचा वेग क्षणोक्षणी बदलतो, म्हणून तिला सतत त्वरण असते. थरथर डोळ्यांना दिसली नाही तरी त्वरण मोजता येते.

त्वरण मोजणाऱ्या उपकरणास त्वरणमापक म्हणतात. बैलगाडीखाली टांगलेला कंदील आठवा. बैलांनी हिसका दिला की कंदील मागे झुलतो. किती झुलला, त्यावरून हिसका किती मोठा होता ते कळते. त्वरणमापकाचे तत्त्व हेच आहे. मोबाईल फोनमधील त्वरणमापकात सिलिकॉनच्या बारीक तुकड्यात कोरलेले एक सूक्ष्म वजन असते. ते नाजूक पट्ट्यांवर टांगलेले असते. वजन हलले की त्याच्या दात्यांमधील आणि शेजारच्या स्थिर दात्यांमधील अंतर बदलते, त्यामुळे विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून त्वरणाचा आकडा मिळतो. असे त्वरणमापक १९९० च्या दशकात मोटारगाड्यांतील एअरबॅगसाठी मोठ्या प्रमाणावर वापरात आले. आता ते फोनचा पडदा आडवा-उभा करण्यासाठी प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतात.

महाराष्ट्रात त्वरणमापकाचे महत्त्व फार पूर्वी दिसून आले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, त्या वेळी धरणात बसवलेल्या त्वरणमापकाने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट इतका मोठा धक्का नोंदवला. त्या नोंदीचा उपयोग जगभरातील धरण अभियंते आजही करतात. डोंगराएवढ्या धरणासाठी जे तत्त्व वापरले, तेच आपण पंपासाठी वापरणार आहोत.

आलेख पाहण्याची सोय

त्वरणाचा आकडा सेकंदात अनेक वेळा बदलतो. तो नुसता वाचता येत नाही, त्याचा आलेख काढावा लागतो. असा आलेख पडद्यावर दाखविणाऱ्या उपकरणास ऑसिलोस्कोप किंवा दोलनदर्शक म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये त्याची काचेची नळी तयार केली. पुढे अनेक वर्षे हे उपकरण प्रयोगशाळेतच असे. आता तेच काम संगणकातील किंवा फोनमधील प्रणाली करते.

जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने २०१६ मध्ये फायफॉक्स नावाची मोफत प्रणाली उपलब्ध करून दिली. ती फोनमधील त्वरणमापकाचा आलेख दाखविते. तिच्यात सेकंदाला किती कंप होतात हे दाखविणारा दुसरा आलेखही आहे. त्यास ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम असे नाव दिलेले आहे. अशा इतरही प्रणाली आहेत, पद्धत मात्र सर्वांची सारखीच आहे.

प्रथम घरी सराव करावा. फोन टेबलावर सपाट ठेवून मोजणी सुरू करावी. उभ्या दिशेचा आकडा सुमारे ९.८ दिसेल. फोन स्थिर असून आकडा शून्य का नाही, असा प्रश्न पडेल. टेबल फोनला खालून उचलून धरते, तो आधार त्वरणमापकाला जाणवतो. आता फोन एक मीटर उंचीवरून जाड गादीवर सोडावा. पडत असताना आधार नसतो, म्हणून आकडा शून्याजवळ येतो. हा सपाट भाग आलेखावर मोजला तर तो सुमारे ०.४५ सेकंद भरतो. एक मीटर पडण्यास लागणारा हिशेबी वेळही तितकाच आहे. आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा. आलेख वाचण्याचा सराव होतो आणि उपकरणावर विश्वास बसतो.

पंपावर मोजणी कशी करावी?

१. पंप बंद असताना फोन बसवावा. कपलिंग, पट्टा, पंखा अशा फिरत्या भागांपासून तो दूर असावा. मोटारीला अर्थिंग नीट आहे याची आधी खात्री करावी. धोतर, पदर, उपरणे आवरून घ्यावे.

२. फोनचे मऊ कव्हर काढावे. मऊ कव्हर थरथर गिळून टाकते. फोन बेअरिंगजवळच्या सपाट भागावर किंवा मोटारीच्या पायावर ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावा. सैल बांधलेला फोन स्वतःच उड्या मारतो आणि आकडा खोटा येतो.

३. जागा तेलखडूने किंवा रंगाने खूण करून ठेवावी. दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने आणि त्याच फोनने मोजावे.

४. पंप सुरू करून पाणी पूर्ण पडू लागल्यावर १० ते २० सेकंद नोंद घ्यावी. पंप बंद करून फोन काढावा. जास्त वेळ ठेवू नये. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातील नाजूक भाग बिघडू शकतो, अशी सूचना ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिली आहे. शक्यतो घरातील जुना फोन वापरावा. गरम झालेल्या मोटारीवर फोन बांधू नये.

आकडेमोड

आलेखावर सर्वांत वरचे टोक आणि सर्वांत खालचे टोक वाचावे. त्यांतील फरकाचा निम्मा म्हणजे थरथरीचा आयाम. समजा वरचे टोक १०.५ आणि खालचे ९.१ आहे. फरक १.४, निम्मा ०.७.

मोटारीच्या पाटीवर फेऱ्यांचा आकडा असतो. दोन पोलची मोटार मिनिटाला सुमारे २८८० फेरे करते, म्हणजे सेकंदाला ४८. चार पोलची मोटार सुमारे १४४० फेरे करते, म्हणजे सेकंदाला २४.

यंत्रांच्या थरथरीसाठी जी आंतरराष्ट्रीय मानके आहेत, त्यांत थरथरीचा वेग मिलिमीटर प्रति सेकंद या एककात धरतात. त्यासाठी आयामास १.४१४ ने भागावे, नंतर ६.२८ गुणिले सेकंदाचे फेरे या संख्येने भागावे. वरील उदाहरणात ०.७ भागिले १.४१४ म्हणजे सुमारे ०.५. त्यास ३०१ ने भागले की ०.००१६६ मीटर, म्हणजे १.६६ मिलिमीटर प्रति सेकंद.

१५ किलोवॅट म्हणजे सुमारे २० अश्वशक्तीपर्यंतच्या लहान यंत्रांसाठी मानकातील मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: ०.७१ पर्यंत उत्तम, १.८ पर्यंत समाधानकारक, १.८ ते ४.५ दुरुस्तीची गरज, आणि ४.५ च्या वर धोकादायक. ज्यांना भागाकार नको असेल त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे. २८८० फेऱ्यांच्या पंपावर आयाम सुमारे ०.७७ च्या वर गेला तर तपासणी करावी आणि १.९ च्या वर गेला तर पंप चालवू नये. १४४० फेऱ्यांसाठी हेच आकडे ०.३८ आणि ०.९६ असे आहेत.

०.७ आयामाच्या थरथरीत मोटार प्रत्यक्ष किती हलते, याचा हिशेब केला तर ते अंतर एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी भरते. डोळ्यांना हे कधीही दिसणार नाही. म्हणूनच मोजण्याची गरज आहे.

हे आकडे ढोबळ आहेत. थरथरीत अनेक कंप मिसळलेले असतील तर हिशेब थोडा चुकतो. त्यामुळे मानकापेक्षाही आपल्याच पंपाच्या जुन्या आकड्याशी तुलना करणे जास्त उपयोगी आहे. पंप नवा असताना किंवा दुरुस्ती करून आणल्यावर लगेच पहिली नोंद घ्यावी. नंतर दर पंधरा दिवसांनी नोंद करावी. आकडा पहिल्या नोंदीच्या दुप्पट झाला, तर पिकाला पाण्याची निकड येण्याआधी मिस्त्रीला बोलवावे.

दोष कसा ओळखावा?

सेकंदाला किती कंप आहेत, हे दाखविणाऱ्या आलेखावर उंच शेंडे दिसतात. शेंडा कोठे आहे, यावरून दोषाचा अंदाज बांधता येतो.

शेंडा बरोबर फेऱ्यांच्या जागी, म्हणजे ४८ किंवा २४ वर असेल, तर फिरणाऱ्या भागाचा तोल गेलेला असण्याची शक्यता जास्त. इम्पेलरमध्ये चिंधी, पालापाचोळा अडकणे किंवा त्याचा तुकडा उडणे ही सामान्य कारणे आहेत. शेंडा दुप्पट जागी असेल, तर मोटार आणि पंप एका रेषेत नाहीत किंवा काहीतरी सैल आहे असे समजावे. दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीने शेंडे असतील, तर सैलपणाची शक्यता अधिक.

सैल बोल्ट शोधण्याची सोपी युक्ती आहे. मोटारीच्या पायावर एकदा आणि लगेच शेजारच्या काँक्रीटवर एकदा मोजावे. पाया खूप थरथरतो आणि काँक्रीट अगदी शांत असेल, तर मधला बोल्ट सैल आहे.

थरथर विजेमुळे आहे की यंत्रामुळे, हेही ओळखता येते. नोंद चालू ठेवून स्टार्टर बंद करावा. विजेमुळे येणारी थरथर वीज तुटताच नाहीशी होते. तोल गेल्यामुळे होणारी थरथर फेरे कमी होत जातील तशी हळूहळू कमी होते. दोन्ही प्रकार आलेखावर स्पष्ट वेगळे दिसतात.

मर्यादा समजून घ्या

फोन सेकंदाला साधारण १०० ते ५०० नोंदी घेतो. तो आपल्या नोंदींच्या निम्म्यापर्यंतचेच कंप खरे दाखवू शकतो. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना आपण पाहिले असेल. चाक सरळच फिरत असते, पण चित्रे पुरेशी वेगाने घेतलेली नसतात. तसेच सेकंदाला ५० नोंदी घेणारा फोन ४८ कंपांची थरथर २ कंपांची असल्यासारखी दाखवील. म्हणून २८८० फेऱ्यांच्या पंपासाठी सेकंदाला किमान २०० नोंदी घेणारा फोन वापरावा.

बेअरिंगचा दोष सुरुवातीला सेकंदाला हजारो कंपांच्या आवाजात असतो. तो फोनच्या त्वरणमापकाला दिसत नाही. तेथे मिस्त्रीचा पेचकस आणि कान हेच चांगले. फूट व्हॉल्व्ह तुंबला किंवा विहिरीची पातळी फार खाली गेली, तर पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. तोही कानानेच ओळखावा आणि पंप लगेच बंद करावा. बोअरमधील सबमर्सिबल पंपापर्यंत फोन पोहोचत नाही. वरच्या पाइपवरील मोजणी केवळ तुलनेपुरती धरावी.

आय.टी.आय. किंवा तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलांनी पुढची पायरी गाठावी. बाजारात सुटे त्वरणमापक मिळतात. काही प्रकार सेकंदाला ३२०० नोंदी देतात. ते संगणकाला जोडून ऑसिलोस्कोपच्या प्रणालीवर आलेख पाहता येतो आणि फोन पंपावर बांधावा लागत नाही.

मळणी यंत्र

मळणी यंत्राच्या ड्रमचा तोल हा जीविताचा प्रश्न आहे. समजा ड्रमवरील एक दाता तुटला, त्याचे वजन ५० ग्रॅम आणि मध्यापासून अंतर ३० सेंटिमीटर आहे. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ड्रमला सुमारे ६ किलोचा हिसका बसतो, तोही सेकंदाला दहा वेळा. फेरे ९०० केले की हिसका १३ किलोंच्या वर जातो. फेरे दीडपट झाले तर हिसका सव्वादोनपट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून काम लवकर उरकण्यासाठी फेरे वाढवू नयेत. तुटलेला दाता बदलताना समोरच्या बाजूचाही वजन पाहून बदलावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी यंत्र रिकामे चालवून चौकटीवर, पट्ट्यांपासून दूर, एकदा नोंद घ्यावी. माल टाकत असताना फोन घेऊन यंत्राजवळ जाऊ नये.

माल वाहतूक

टोमॅटो, द्राक्षे, अंजीर, केळी यांचे वाहतुकीत होणारे नुकसान हेसुद्धा धक्क्यांमुळेच होते. गाडीची फळी ९.८ पेक्षा जास्त त्वरणाने खाली गेली, तर क्रेट फळीवरून उचलला जातो आणि लगेच आपटतो. क्रेटमध्ये फोन ठेवून आलेख घेतला तर असे आपटे मोजता येतात. कोणता रस्ता बरा, कोणती गाडी बरी, किती वेग ठेवावा हे त्यावरून ठरवता येते. सामान्यतः मागच्या चाकाच्या मागील भागात धक्के जास्त बसतात आणि थप्पीच्या वरच्या थरातील फळे जास्त हालतात. नाजूक माल पुढच्या भागात ठेवावा, वरचा थर हालणार नाही असा भरावा आणि क्रेट दोरीने आवळून बांधावेत. रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी जास्त उसळते, म्हणून शक्यतो दोघातिघांनी मिळून गाडी भरावी.

ट्रॅक्टर चालकाची पाठ

शेवटचा मुद्दा माणसाचा. सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे वर-खाली कंप माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त बाधतात. वर्षानुवर्षे असे कंप सोसल्यास कंबर आणि मणक्याचे दुखणे जडते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या दिवसासाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीपासून मालकाने उपाय योजावेत आणि १.१५ ही पातळी ओलांडू नये असे ठरविले आहे. बैठकीवरील कंप १.० असतील, तर दोन तासांतच दिवसभराच्या ०.५ ची बरोबरी होते. फोनने हे अचूक मोजता येणार नाही, पण बैठकीवर फोन ठेवून दोन वेगांतील किंवा टायरमधील दोन दाबांतील तुलना नक्की करता येते. बैठकीची स्प्रिंग चालकाच्या वजनानुसार लावावी, बांध व खड्डे ओलांडताना वेग कमी करावा आणि दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे. आपला ट्रॅक्टर दुसरा कोणी चालवीत असेल, तर त्याच्याही पाठीची काळजी आपणच घ्यावयाची आहे.

बंधू-भगिनींनो, हे सर्व एकाच दिवशी करण्याची गरज नाही. या आठवड्यात केवळ आपल्या पंपाची पहिली नोंद घ्यावी. तारीख, जागा, फोन, आयाम आणि सेकंदाचे कंप या पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. ती वही स्टार्टरच्या पेटीजवळ न ठेवता घरात ठेवावी. पंधरा दिवसांनी दुसरी नोंद घ्यावी. मिस्त्री येईल तेव्हा त्याला वही दाखवावी, त्याचे काम सोपे होईल आणि आपला खर्चही वाचेल. काही अडचण आल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा कृषी महाविद्यालयातील कृषी अभियांत्रिकीच्या तज्ज्ञांशी जरूर संपर्क साधावा.